विमान उतरेपर्यंत केर काढायचा नाही

आधी नाव लिहिते गंगव्वा अक्कांचं. धारवाडहून हुबळीला जाणाऱ्या रस्त्यावर रायापूर म्हणून वस्ती आहे. तिथं माझ्या धाकट्या बहिणीच्या, कमलच्या, घराला भिंत लावून अक्का राहतात. ज्वारीच्या कडक रोट्ट्या भाजून खाणावळींना घालतात. त्यांनी मला पंधरवडाभर जेवू घातलं, परक्या मुलखाची भीती काढली, आणि एकदा तर माझ्यासाठी उकिरड्यात हात घातला. त्यांच्याएवढी मदत मला कुणी केली नाही आणि त्यांच्याएवढा हेवाही मला कुणाचा वाटला नाही. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिते.

लिहायचं कारण एवढंच की पुलगावला परत आल्यापासून आमच्या वस्तीतल्या बाया रोज विचारतात, तिकडे काय पाहिलं, लोक कसे आहेत, आणि बरोबर ही पोर कोणाची. प्रत्येकीला वेगळं सांगून तोंड दुखलं. माझी शाळा चौथीतच सुटली. अक्षर वाकडं आहे, ते चालवून घ्या.

धारवाड

गाडीचं फार सांगत नाही. दोन रात्री गेल्या, तीन गाड्या बदलल्या. मिरजेला रुंद रुळांची गाडी सोडून अरुंद रुळांच्या गाडीत बसावं लागतं, आणि त्या गाडीत बसलं की माणसं पण हळू बोलायला लागतात. अळणावर स्टेशन मागे गेलं तसं डब्यात मराठी कमी आणि कन्नड जास्त झालं. मला वाटलं, आता कुणाला काही विचारायची सोय राहिली नाही.

कमलने पत्रात लिहिलं होतं, हुबळीला उतर. पण धारवाडला अर्धा डबा रिकामा झाला. एवढे सगळे उतरताहेत म्हणजे हेच मोठं गाव असणार, असं धरून मी ट्रंक ओढत उतरले. गाडी गेल्यावर पाटी वाचली.

पाटीखाली उभी राहून मी रडले नाही, हे खरं. पण एका म्हाताऱ्या हमालाला वाटलं मी रडतेय. त्याने मोडक्या मराठीत विचारून मला हुबळीच्या बसमध्ये बसवलं आणि कंडक्टरला ओरडून सांगितलं, "ईकी रायापूर!" म्हणजे हिला रायापूरला उतरव. रस्त्याच्या दोन्ही अंगाला काळी जमीन, उभी ज्वारी, मधे करडईची पिवळी फुलं. आमच्या वर्ध्याकडची जमीन उचलून आणून ठेवल्यासारखी. फक्त आमच्याकडे कापूस असतो. तेवढ्यानं जरा धीर आला.

कमलच्या दाराला कुलूप. शेजारच्या उंबऱ्यात एक उंच बाई उभी, कोपरापर्यंत हात पिठाचे, आणि कडेवर एक तीन-साडेतीन वर्षांची मुलगी. मुलीचे डोळे हुबेहूब कमलचे. माझी भाची सुजाता मी पहिल्यांदा पाहिली ती अशी, दुसरीच्या कडेवर.

"कमलव्वाची अक्का काय तू?" बाईने विचारलं.

"हो. कुलूप काहून लावलं?"

"तुलाच आणायला हुबळीला गेल्यात की दोघं. तू हितं कुठनं उगवलीस?"

मी सांगितलं. बाई इतकी हसली की कडेवरची पोरगी पण हसायला लागली. मग पोरीने माझ्याकडे बोट केलं. "अव्वा, ईकी यार?"

"निन्न मावशी," अक्का म्हणाल्या.

ही तुझी मावशी, एवढं मला समजलं. पण तिने त्या बाईला अव्वा म्हटलं, तेही समजलं. तिकडे अव्वा म्हणजे आई. मी हात पुढे केले, "ये, सुजा." पोरीने तोंड फिरवून पिठाच्या खांद्यावर टेकवलं.

रोट्टी

आमच्याकडे भाकर म्हणजे जाड, मऊ, गरम असेल तेव्हाच खायची. तिकडची रोट्टी पापडासारखी पातळ आणि कडक. भाजून थप्पी लावून ठेवली की आठवडे टिकते. खाताना कडकड आवाज होतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, ताट फुटलं. बरोबर तेलात बुडालेली भरली वांगी, त्यांना येण्णगाई म्हणतात, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही आणि हिरवी मेथी कच्चीच. आपण जवसाची चटणी खातो तशी ती माणसं शेंगाची खातात, मूठभर.

अक्का पहाटेपासून थापत. थाप थाप थाप, भिंतीपलीकडून ऐकू येई. सुजा उठली की आधी तिकडे पळे. अक्का तिला एक छोटी रोट्टी वेगळी भाजून देत. मी त्या थप्पीकडे पाहून म्हटलं, मीही थापून पाहते. माझी भाकर जाड झाली. अक्का म्हणाल्या, "छलो, चांगली आहे की. गड्यानं थापल्यासारखी."

सुजा ती खाईना. मी तिला म्हटलं, "अवं, मऊ आहे, खाऊन तर पाय." ती म्हणाली, "बेड." नको. हा पहिला कन्नड शब्द मी शिकले.

हुबळी

कमल हुबळीच्या एका दवाखान्यात नर्स. तिला न्यूयॉर्कला नोकरी लागली होती. दोन वर्षं एकटीनं राहायचं, मग नवऱ्याला आणि लेकीला बोलवायचं, असं ठरलेलं. तिचे मालक रमेशराव रेल्वेच्या कारखान्यात, पाळीवर. म्हणून तिने मला पत्र टाकून बोलावलं होतं: ताई, ये, आणि दोन वर्षं सुजाला पुलगावला ने.

मला दोन मुलगे, दोघं मिलमध्ये लागलेले. मुलगी नाही. पत्र आलं त्या दिवसापासून मी मनात त्या पोरीच्या वेण्या घालत होते. मला पोर पाहिजे होती. एवढंच पाहिजे होतं, आणि ते मिळतं की नाही याचीच धाकधूक घेऊन मी तिकडे गेले होते.

हुबळीला आम्ही बहिणी बॅग घ्यायला गेलो. केवढा बाजार! कापडाची दुकानं, मिरच्यांचे ढीग, आणि सगळा व्यवहार कन्नडमध्ये. पण मी मराठीत भाव विचारला की दुकानदार मराठीत सांगे, आणि वळून नोकराशी कन्नडमध्ये बोले. तिथल्या माणसांच्या तोंडात दोन जिभा असतात. कमलच्याही झालेल्या. बाजाराच्या कोपऱ्यावर आम्ही गिरमीट खाल्लं, चिंचगुळात भिजवलेले चुरमुरे, आणि एवढाल्या मिरच्यांची भजी. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कमलला वाटलं मिरचीचं.

"लांब किती आहे व?" मी विचारलं.

"बारा-साडेबारा हजार किलोमीटर, ताई."

"अन् पोचशील कधी?"

"मंगळवारी पहाटे चारला मुंबईतून उडायचं. मंगळवारीच दुपारी दोनला तिथं उतरायचं."

मी पदराखाली बोटांवर मोजलं. चार ते दोन. दहा तास! मी पुलगावहून इथवर दोन रात्री दाराजवळ ट्रंकेवर बसून आले, आणि ही अर्धी दुनिया ओलांडणार ती दहा तासात, गादीच्या खुर्चीत. आई गिरणीत जायची तेव्हा हिला सांभाळायला म्हणून मला शाळेतून काढलं. माझ्या मांडीवर ही अक्षरं शिकली. आता हिच्यासाठी जग पण आखूड झालं. मी आणखी एक भजं उचललं आणि तिखट असून खाल्लं.

"अजून काही विचारायचं का, ताई?" कमलने विचारलं.

"मले काय विचारायचं? समजते मले," मी म्हटलं. जिला मी बाराखडी गिरवायला लावली तिला मी काय विचारणार?

निरोप

रविवारी संध्याकाळी कमल आणि रमेशराव दोघं मुंबईला निघाली. सुजा अक्कांकडे झोपली होती. कमलने तिला उठवलं नाही, दारातून पाहिलं फक्त. मग माझा हात धरला. "ताई, ती आधी त्रास देईल."

"तू काय कमी दिला होतास?"

ती हसली आणि हसताहसताच तिचा चेहरा वाकडा झाला. रमेशरावांनी बॅग उचलली. दोघं रस्त्याला लागली. मला काही सुचेना म्हणून मी कोपऱ्यातला झाडू घेतला. तेवढ्यात भिंतीपलीकडून अक्का धावत आल्या.

"ए तंगी! कसा काढू नको. ठेव, ठेव झाडू." तंगी म्हणजे धाकटी बहीण. कसा म्हणजे केर.

माणूस बाहेर पडल्यावर लगेच झाडू नये, हे आमच्याकडेही आहे. आता आम्ही विहारात बसून असल्या गोष्टी सोडल्या. पण सोडल्या म्हणून हाताला थोडंच कळतं? मी म्हटलं, "अक्का, आमच्याकडं माणूस वेशीच्या बाहेर गेलं की झाडतात."

"वेस ओलांडली म्हणजे पोचलं काय माणूस? माझा धनी सोलापूरला कापडाला जायचा. तो पोचला असेल असं मन म्हणायचं, तवा मी झाडू धरायची. विमान उतरू दे. मग काढ."

मग आम्ही दोन्ही घरं तशीच ठेवली. अक्कांच्या घरात पीठ उडालेलं, चुलीची राख, शेंगांची टरफलं. कमलच्या घरात बॅग भरतानाचे कागद, दोऱ्याचे तुकडे, सुजाच्या पायाची माती. अनवाणी चाललं की पायाला कचकच लागे. चार लोक आले की मला लाज वाटे. अक्का सरळ सांगत, "आमची पोर विमानात बसायला गेलीय." लोक माना डोलवत आणि टरफलं चुकवून बसत.

सोमवारभर सुजा मला विचारीना, अक्कांना विचारी. "अव्वा, आई यल्ली?" आई कुठे आहे? अक्का वर बोट करत. पोर आकाशात पाही, घार दिसली तरी ओरडे. मी जवळ बसून होते. माझ्याकडे एकदा पाहायला काय जात होतं तिचं?

मंगळवार

मंगळवारी अक्कांच्या घड्याळात दोन वाजले तेव्हा मी पदर खोचला.

"अक्का, उतरली कमल."

"एवढ्यात?"

"चारला उडाली, दोनला उतरणार, तिनंच सांगितलं मले. दहा तास. मोजलं मी."

अक्कांना घड्याळ कळे, आकडेमोड येत नसे. त्या माझ्याकडे मानाने पाहायला लागल्या. पहिल्यांदा त्या घरात मला काही येत होतं आणि त्यांना येत नव्हतं. मी सुजाला बोलावलं. "पाय सुजा, तुझी आई पोचली." आणि मी दोन्ही घरं झाडली. कोपरे झाडले, पाटाखाली झाडलं. केर सुपात भरून मागच्या उकिरड्यावर टाकला. शेण आणून सारवायला काढलं. केवढी हलकी झाले होते मी!

दिवेलागणीला धारवाडातल्या सप्तापूर भागातले एक सर आले. ते तिकडे खोली घेऊन एकटे राहत, कॉलेजात शिकवत, आणि आठवड्याच्या रोट्ट्या अक्कांकडून नेत. बेळगावकडचे, त्यामुळे मराठी स्वच्छ. त्यांनी विचारलं, "काय, निघाली का कमलताई?"

"पोचली सुद्धा!" मी म्हटलं. "दुपारी दोनला."

सर थप्पी बांधता बांधता थांबले. "आज दुपारी? नाही हो ताई. दोन म्हणजे तिथले दोन. आपल्याकडे सूर्य आधी उगवतो, त्यांच्याकडे फार उशिरा. त्यांच्या दुपारी दोनला आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. अजून सहा-सात तास आहेत. आत्ता त्या हवेत असतील. समुद्रावर बहुतेक."

सर रोट्ट्या घेऊन गेले. त्यांनी काही वाईट सांगितलं नव्हतं. पण मी लख्ख झाडलेल्या जमिनीकडे पाहिलं. कमल हवेत, खाली समुद्र, आणि मी तिचं घर पुसून मोकळी. मला दुसरंच भ्या वाटलं. झाडताना माझ्या मनात काय होतं, ते मला माहीत होतं. तिचं पोचणं कमी आणि माझं मोजणं जास्त.

"अक्का, मी काय केलं हो!"

अक्कांनी कोपऱ्यातलं सूप उचललं आणि कंदील घेऊन मागच्या दाराने बाहेर गेल्या. मी मागोमाग. त्या उकिरड्यावर वाकल्या आणि हाताने केर सुपात भरायला लागल्या.

"अक्का, हे काय?"

"काढलाच नाही असं समजायचं. अंजबेड, भिऊ नको. धर कंदील."

आम्ही केर घरात आणला आणि पसरला. कागद खाटेजवळ, दोरे दाराशी, टरफलं अक्कांच्या चुलीपुढे. अक्का आठवून आठवून टाकत होत्या. मला मधेच लिंबाचा पाला दिसला, कोंबडीचं पीस दिसलं.

"अक्का, हे आपलं नाही. हे पुढच्या घरचं."

"इरली, इरली. असू दे. जास्त झालं तर विमान आणखी सांभाळून जाईल."

मला हसू आलं. रडू येत होतं त्यातूनच आलं. सुजा हे सगळं डोळे फाडून पाहत होती. मोठ्या बाया घरात केर टाकतात, हे तिने कधी पाहिलं असेल? तिने मूठभर टरफलं उचलली आणि माझ्या अंगावर उडवली. मग अक्कांच्या. मग घरभर. "कसा! कसा!" ओरडत नाचली. दमली तेव्हा माझ्या मांडीवर येऊन बसली. स्वतःहून. मी हललेसुद्धा नाही, उठली तर म्हणून.

पण झोप आली तशी उठून अक्कांच्या कुशीत गेली.

तार

बुधवारी रमेशराव परतले. दारात थबकून म्हणाले, "हे काय, घरात बाजार भरला होता का?" आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. गुरुवारी तार आली. सुखरूप पोचले, एवढंच. अक्कांनी माझ्या हातात झाडू दिला. "तू काढ. बहीण तुझी."

निघायच्या आदल्या दिवशी मी अक्कांना विचारलं. ते विचारायला मला सगळा पंधरवडा लागला. "अक्का, पोर तुमच्याकडे राहू द्यायची का? तिचा जीव तुमच्यात आहे."

मला वाटत होतं, त्यांनी नाही म्हणावं. आणि भीती होती, हो म्हणतील.

अक्का पीठ चाळत होत्या. चाळणी थांबली नाही. "मी काल कमलव्वाच्या नवऱ्याला तेच विचारणार होते. विचारलं नाही. माझे गुडघे गेले, तंगी. ती पळते, मी धावू शकत नाही. रस्ता आहे समोर, ट्रक जातात. तू ने." मग म्हणाल्या, "तुला पाहिजे आहे ना ती? मला दिसतं की. पहिल्या दिवशी हात पुढं केलास तवाच दिसलं."

माझा हेवा त्यांना सगळा दिसत होता, तरी त्या मला रोज गरम रोट्टी वाढत होत्या. मला मान वर करता येईना.

स्टेशनवर अक्का आल्या नाहीत. घरीच सुजाला मिठाईची पुडी दिली, तिच्याशी कन्नडमध्ये पुष्कळ काही बोलल्या, आणि आत जाऊन थापायला बसल्या. बस सुटेपर्यंत तो आवाज येत होता. गाडीत पोर रडली, ती आईसाठी नाही. मिरजेपर्यंत "अव्वा, अव्वा". डब्यातल्या बाया मला म्हणाल्या, "आईला हाक मारतेय, घ्या की जवळ." मी घेतलं. मी आई नाही आणि अव्वाही नाही, हे कोणाला सांगत बसू?

पुलगाव

आता सुजा वस्तीत रुळली. "मले दे", "काहून" असं बोलते. पहिल्यांदा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. एकेक कन्नड शब्द गळत होता आणि मला वाटत होतं, पोर माझी होतेय. मग परवा ती पाणी मागायला आली. तोंड उघडलं, आधी कन्नड शब्द आठवेना, मराठीही पटकन सुचेना, आणि ती नुसती माझ्याकडे पाहत उभी राहिली. साडेतीन वर्षं एका बाईने तिच्या तोंडात घातलेलं मी दोन महिन्यांत रिकामं केलं होतं.

"नीर," मी म्हटलं. "नीर पाहिजे?"

तिचा चेहरा असा उजळला की मी पाण्याचा तांब्याच तिच्या हातात दिला.

तेव्हापासून आम्ही दोघी रोज बोलतो. बा म्हणजे ये, साक म्हणजे पुरे, ऊटा म्हणजे जेवण, आणि आमचं जुनं बेड. मला येतात ते शब्द थोडे आणि चुकीचे, ती मला हसून दुरुस्त करते. स्टेशनजवळ दगड घडवणारी विजापूरकडची माणसं उतरली आहेत, त्यांच्या बाईला मी भाजी नेऊन देते आणि नवे शब्द मागून आणते. दोन वर्षांनी कमल तिला बोलावेल. मग हीसुद्धा विमानात बसेल, माझ्या मांडीवरून उठून. तेव्हा मला कमलचा किती हेवा वाटेल ते मला आत्ताच माहीत आहे.

पण अक्का, मुंबईच्या आधी मी तिला रायापूरला आणीन. तुमच्या उंबऱ्यात उभी करीन आणि मागे सरकीन. ती तुमच्याशी तुमच्या बोलीत बोलेल, अडखळणार नाही. तुमचं एवढं मी फेडीन.